नाव ईश्वराचे, अर्थ कोणाचा?

प्रश्न : ईश्वराची नावे त्याचे स्वरूप सांगतात की ती माणसाने दिलेली असतात, यावर आरंभीच्या ख्रिस्ती धर्मचिंतकांत मोठा वाद झाला, असे वाचनात आले. तो वाद नेमका काय होता?

उत्तर : हा वाद चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात मोडणाऱ्या प्रदेशात पेटला. युनोमियस या धर्मचिंतकाने इ. स. ३६०च्या सुमारास असे मांडले की ‘आगेनेतोस’, म्हणजे ‘अजन्मा’, हे नाव ईश्वराचे मूलतत्त्वच सांगते. वरवर हे निरुपद्रवी वाटते. परंतु ‘अजन्मा’ हेच ईश्वरत्व असेल, तर पित्यापासून जन्मलेला पुत्र, म्हणजे ख्रिस्त, त्या तत्त्वाचा उरत नाही. वादाची खरी धग येथे होती. युनोमियसची भीतीही क्षुल्लक नव्हती : माणसाने कल्पिलेले नाव उच्चाराबरोबरच विरून जाते, मग अशा नावाने केलेल्या स्तुतीला आधार कशाचा?

कैसरियाच्या बेसिलने काही वर्षांतच याला उत्तर दिले, आणि त्याने घेतलेला दृष्टान्त गव्हाचा आहे. गव्हाचा दाणा पाहिला तर एकच. पण झालेल्या शेतीचे ते फळ, पुढच्या पेरणीचे ते बी आणि खाणाऱ्याचे ते अन्न. तिन्ही नावे विचारातून निघालेली आहेत, तरी त्यांतले एकही खोटे नाही. त्याचप्रमाणे मागे पाहता ईश्वराला आरंभ सापडत नाही म्हणून आपण त्याला ‘अजन्मा’ म्हणतो, पुढे पाहता अंत सापडत नाही म्हणून ‘अविनाशी’. त्याचे मूलतत्त्व मात्र कोणत्याही एका शब्दाच्या पकडीत येत नाही. शिवाय ‘अजन्मा’ हा शब्द ईश्वर काय नाही एवढेच सांगतो, तो काय आहे हे सांगत नाही. मला बेसिलचे हे उत्तर सर्वांत भक्कम वाटते, कारण ते नावांचे मोल राखते आणि त्यांची मर्यादाही मानते.

बेसिलच्या मृत्यूनंतर त्याचा धाकटा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, याने हा वाद पुढे नेला. शब्द ईश्वरानेच वस्तूंना जोडून दिले, हे युनोमियसचे म्हणणे त्याने साफ नाकारले. ईश्वराने वस्तू निर्माण केल्या आणि माणसाला वाणीची शक्ती दिली; नावे ठेवण्याचे काम माणसाचे, आणि म्हणूनच एकाच आकाशाला वेगवेगळे लोक वेगवेगळी नावे देतात.