जिला कुलूप लागत नाही ती इमारत

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फायनल इयरच्या बस टर्मिनलचं ड्रॉइंग सोबत परत पाठवतोय. मन लावून काढलंयस, बघून बरं वाटलं. लाल पेन्सिलीनं एकाच ठिकाणी गोल केलाय, सी-४ नंबरच्या कॉलमवर, म्हणजे खांबावर. छपरावरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप तू त्या कॉलमच्या पोटातून खाली आणलायस, बाहेरून दिसू नये म्हणून. मीही एकदा तसाच आणला होता.

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका तालुक्याच्या गावी एसटीचा डेपो होता (आपल्याकडे स्टँडलाही डेपोच म्हणतात ना). छपराचा उतार मधल्या गटरकडे, आणि गटरातून चार इंची पाइप कॉलममधून खाली. आर्किटेक्टना पाइप दिसायला नको होता, आणि मलाही ते सुबक वाटलं. दुसऱ्या पावसाळ्यात निरोप आला की छप्पर गळतंय. मी शिडी लावून वर चढलो. गटर काठोकाठ भरलेलं. हात घालून चाचपलं तर पाइपच्या तोंडाशी उत्तरायणातल्या पतंगांचा लगदा, मांजाचं भेंडोळं आणि कबुतरांनी आणलेल्या काड्या. वरचं सगळं उपसून काढलं, तरी पाणी हलेना. बोळा आत, कॉलममध्ये कुठेतरी अडकला होता. तिथे झाडलोट करणाऱ्या बेन खालून वर बघत म्हणाल्या, “साहेब, आमां हाथ क्यां नाखुं?” यात हात कुठून घालू?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रॉइंगवर हात घालायला जागाच ठेवली नव्हती. पुढे त्या कॉलमच्या पायथ्याशी तांबूस ओघळ दिसायला लागले, म्हणजे पाइपचा सांधा आतल्या आत झिरपत होता आणि सळई गंजत होती. मग टेकू लावा, वरचं काँक्रीट फोडा, सळया घासा, कॉलमला बाहेरून काँक्रीटचं नवं कवच घाला. आणि हे सगळं करताना बस यायच्या थांबल्या नाहीत. पत्रे लावून दोन फलाट बंद केले, तिथले प्रवासी बाकीच्या फलाटांवर उन्हात दाटीनं उभे राहिले. कडेवर पोर घेतलेल्या एक आजी मला अजून आठवतात. माझ्या सुबक कॉलमची किंमत त्या मोजत होत्या.

परवा घरी आलीस तेव्हा तू विचारलंस, “काका, इमारत ती इमारत. बंगल्यात आणि बसस्टँडमध्ये डिझाइनला असा काय फरक?” तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही, ते आता देतो. बंगल्याला कुलूप लागतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते, ऑफिसला रात्र असते. स्टेशनाला यातलं काही नाही. ते चालू असतानाच बांधायचं, चालू असतानाच धुवायचं, चालू असतानाच दुरुस्त करायचं. या क्षेत्रात पडायचं असेल तर प्रत्येक रेघ ओढताना हे डोक्यात ठेव.

आपल्या स्टेशनावर जाऊन बघ. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचं बडोद्याचं स्टेशन जुन्या स्टेशनाच्या ७ नंबर प्लॅटफॉर्मच्या जागीच, वर उचलून घेतलंय. खाली गाड्या चालू, डोक्यावर काम चालू. अशा जागी गर्डर, म्हणजे मोठी तुळई, किती मजबूत आहे हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा म्हणजे तो ब्लॉकमध्ये बसेल का. ब्लॉक म्हणजे गाड्या थांबवून आणि ओव्हरहेड तारांमधला २५,००० व्होल्टचा प्रवाह बंद करून मिळालेला वेळ. तो तासांत मोजतात आणि बहुतेक वेळा रात्री मिळतो. क्रेन आणून लावणं, उचलणं, बसवणं, तारा पुन्हा सुरू करणं, सगळं त्यातच. म्हणून मी रुळांवरच्या पादचारी पुलाला जागेवर वेल्डिंग ठेवत नाही. जोड बोल्टचे, आणि तुकडे कारखान्यात एकदा जोडून बघितलेले. स्टील थोडं जास्त जातं, जाऊ दे.

भूकंपाचं तू शिकलीच असशील. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकात हिशेबातला भूकंपाचा जोर इमारतीच्या महत्त्वानुसार एका गुणांकानं वाढवतात: साध्या घराला तो १ आणि रेल्वे स्टेशन, बस स्टेशन, मेट्रो स्टेशन, विमानतळ यांना १.५. परीक्षेत तो कोष्टकातला आकडा असतो. २६ जानेवारी २००१ नंतर मी अहमदाबादला पडलेल्या इमारती बघायला गेलो, तिथे तो आकडा मला समजला. भूकंप कच्छचा, ७.७ मॅग्निट्यूडचा, आणि इतक्या दूर अहमदाबादेत पार्किंगसाठी खालचा मजला मोकळा ठेवलेल्या इमारती गुडघ्यात मोडाव्यात तशा बसल्या होत्या. आता तुझं टर्मिनल बघ. खाली बससाठी सगळं मोकळं, वर दुकानं आणि ऑफिसं, भिंतीच भिंती. तोच प्रकार! बसस्टँडला खालचा मजला मोकळाच लागतो, ते टळत नाही. म्हणून खालच्या कॉलमांना जोर दे, जिने आणि लिफ्टच्या जागी शिअर वॉल, म्हणजे आडवा धक्का पेलणारी काँक्रीटची भिंत, आण, आणि साइटवर स्वतः वाकून बघ की कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळलेत. सळया वळवणारा बारबेंडर घाईत असला की ९० वर सोडतो. काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही. तू जिथे शिकतेस ते कलाभवन सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं ते हातानं काम करणाऱ्यांसाठीच. एक रिंग स्वतः वळवून बघ, म्हणजे तो ९० वर का सोडतो तेही कळेल.

पाण्याबद्दल आणखी थोडंसं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा तुमच्याही सोसायटीत पाणी होतं. इलेक्ट्रिक पॅनेल बेसमेंटमध्ये ठेवू नकोस, कुणी कितीही सांगो. पुरात लोक आसऱ्याला स्टेशनावरच येतात, आणि नेमके तेव्हा तिथले दिवे गेलेले चालणार नाहीत. आणि बस जिथे उभ्या राहतात तिथे डांबर नको, काँक्रीट घे. डिझेल ठिबकतं, डिझेलनं डांबर विरघळतं, मग चाकाखाली खड्डा आणि खड्ड्यात पाणी.

पगाराचं विचारलं होतंस. सुरुवातीला सॉफ्टवेअरमधल्या मैत्रिणींपेक्षा कमीच मिळेल, आणि सरकारी कामांत फीचे टप्पे उशिरा सुटतात. हे घरी आत्ताच मोकळेपणानं सांगून ठेव. पण पहिली दोन वर्षं नुसत्या कॉम्प्युटरवर बसवणारी नोकरी मात्र घेऊ नकोस, चार पैसे जास्त देत असले तरी. मॉडेल कुणीही चालवतं. आलेलं उत्तर डब्ल्यूएल स्क्वेअर बाय आठ या तुळईच्या साध्या सूत्रानं कागदावर पडताळणारं आणि साइटवर जाऊन येणारं माणूस कमी सापडतं.

सही फार जपून कर. एकदा एका जुन्या इमारतीचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मला न बघता द्यायला सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मी आठ दिवस आणि कोअर टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा तुकडा कापून केलेली तपासणी, मागितली. ते काम गेलं, आणि त्या गिऱ्हाइकाकडून पुन्हा कधी फोन आला नाही. तेव्हा घरी हप्ते चालू होते, त्रास झाला. तरी तुझ्यावर अशी वेळ आली तर आठ दिवस माग. आधी मला फोन कर, मी सोबत येतो.

आता सी-४. पाइप कॉलमच्या बाहेर काढ, सहा इंची कर, खाली माणसाच्या उंचीवर झाकण उघडून हात जाईल असा तुकडा दे. गटराला दुसरं तोंडही ठेव, म्हणजे एक तुंबलं तरी पाणी साचणार नाही. आर्किटेक्चरच्या मुलांना पाइप दिसायला नको असेल तर त्यांना माझ्याकडे पाठव. सुधारलेली शीट रविवारी आण. काकू सेव-उसळ करणार आहे, जेवूनच जा.

तुझा,
काका