मोबाईलपुढे हातातले गेम कन्सोल टिकतील का? लातुरात दुकानात ठेवावेत का?

कन्सोल टिकेल, पण दुकानदाराला त्यात फार काही उरणार नाही.

गंजगोलाईत मिळणारा तो सेलवरचा ब्रिक गेम आठवतो? वर '९९९९ इन १' लिहिलेलं. खरे गेम मोजकेच, बाकी नुसता वेग बदललेला. ते गिऱ्हाईक मोबाईलनं कधीच नेलं. सोनीनंही आपला हातातला कन्सोल व्हिटा २०१९ मध्ये बंद केला. निन्टेंडोचा स्विच (२०१७) मात्र १५ कोटींच्या वर खपला, कारण निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतले मोठे गेम खेळायचे तर त्यांचंच यंत्र घ्यावं लागतं, आणि तेच टीव्हीलाही जोडता येतं.

आता दुकानाचं. यंत्रावर मार्जिन बारीक असतं. कमाई होती गेमच्या डिस्क विकण्यात आणि जुन्यांच्या अदलाबदलीत. डाउनलोडनं तीच गेली. २००९ चा सोनीचा हातातला कन्सोल पीएसपी गो बिनडिस्कचा आला तेव्हा परदेशातल्या काही दुकानदारांनी तो ठेवायलाच नकार दिला होता. बरोबरच होतं त्यांचं.

आपल्याकडे स्विच बहुतेक आयात करून येतो, म्हणजे वॉरंटीची बोंब. आसुसचा हातातला कन्सोल आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला. म्हणजे पंधराएक क्विंटल सोयाबीन! एवढ्या पैशात लेकरू फोन मागतं, आणि बापालाही तेच पटतं.

तेव्हा माल भरू नका. कुणी मागितलाच तर निम्मा ॲडव्हान्स घेऊन मागवून द्या. काउंटरवर मोबाईलला लागणारे गेमपॅड, ट्रिगर (फोनला लावायची गेमची बटणं) आणि पॉवर बँक ठेवा.