पहिलाच गृहप्रकल्प? मग आधी गल्लीत फिरा

वस्तीतल्या लोकांसाठी परवडणारी घरं बांधायला पहिल्यांदाच निघालात? घाबरू नका, जमेल. आम्हीही पहिल्यांदा थेट आर्किटेक्टकडे पळालो होतो, तीच चूक सगळे करतात! नकाशा नंतर, आधी संध्याकाळी वस्तीत जा, लोक कामावरून आल्यावर, आणि नुसतं ऐका. मी बागेचं छान रंगीत चित्र घेऊन गेलो होतो तर एका मावशींनी हाताला धरून जिन्याखाली नेलं, बल्ब नाही, पाइप गळतोय, पोरी भिंत चाचपत वर चढतायत. चित्र तिथंच घडी करून खिशात.

मग "परवडणारं" म्हणजे कोणाला, ते आकड्यात लिहा. ढोबळ माप असं की घराचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसावा, आणि त्यात वीज-पाणीही धरा, नुसतं भाडं नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- बयाणा देण्याआधी जमिनीचे कागद वकिलाला दाखवा, ओळखीचा विकणारा असला तरी.
- पहिलं काम छोटं घ्या, आठ-दहा घरं पुष्कळ झाली.
- भाड्यातून दर महिन्याला दुरुस्ती फंड बाजूला काढाच. लोक बांधायला पैसे देतात, पंप बदलायला कोणी देत नाही. आमचा तिसऱ्या वर्षी जळाला तेव्हा खात्यात खडखडाट होता.

आणि हो, वस्ती सुधारली की आजूबाजूची भाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी केलं तेच बाहेर पडतात. त्यावर जमीन संस्थेकडे आणि घर कुटुंबाकडे ठेवायचा लँड ट्रस्टचा उपाय अमेरिकेत १९६९ पासून आहे, पण ते नंतर बघू, आधी त्या जिन्यात बल्ब लावा.