मजकुरात कधीच न येणारे विभाजक चिन्ह कोणते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायची आहे, पत्त्यांमध्ये जागोजागी स्वल्पविराम असल्यामुळे सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलीतले रकाने सरकत आहेत, आणि म्हणून स्वल्पविरामाऐवजी पाइप (|) किंवा मजकुरात कधीच येणार नाही असे दुसरे एखादे चिन्ह विभाजक म्हणून वापरावे का. शिवाय एका सभासदाचे दोन-तीन फोन क्रमांक एकाच रकान्यात कसे ठेवावेत, हेही आपण विचारले आहे.

कधीच न येणाऱ्या चिन्हाचा शोध सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माणसांनी टंकलेल्या मजकुरात कोणतेही चिन्ह कधी ना कधी येतेच. विभाजक म्हणून कोणते चिन्ह निवडले, याला त्यामुळे दुय्यम महत्त्व आहे. तेच चिन्ह मजकुरात आले तर लिहिणारा प्रोग्राम काय करील आणि वाचणारा प्रोग्राम त्याचा अर्थ कसा लावील, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरलेले असणे महत्त्वाचे. स्वल्पविरामासाठी असा नियम तयार आहे, तो बहुतेक सर्व प्रोग्रामिंग भाषांच्या लायब्रऱ्यांना (तयार प्रोग्राम-संचांना) कळतो, आणि आपली अडचण तेवढ्याने सुटते.

आपल्या यादीतल्या नोंदीसारखी एक ओळ पाहू :

१०१,सुनंदा पाटील,फ्लॅट ४, दुसरा मजला, कर्वे रस्ता, पुणे,१,२५,०००

आपल्या मनात येथे चार रकाने आहेत : क्रमांक, नाव, पत्ता आणि ठेवीची रक्कम. प्रोग्रामने प्रत्येक स्वल्पविरामावर ओळ तोडली की त्याला नऊ रकाने मिळतात, कारण पत्त्याचे चार तुकडे होतात आणि सव्वा लाखाचे तीन. दुसऱ्या सभासदाच्या रकमेत एक स्वल्पविराम कमी असेल तर त्याचे आठच रकाने होतील, म्हणजे ‘शेवटचे तीन जोडून घ्या’ यासारखी तात्पुरती युक्तीही चालणार नाही. तीच नोंद नियमाप्रमाणे अशी लिहिली जाते :

१०१,सुनंदा पाटील,"फ्लॅट ४, दुसरा मजला, कर्वे रस्ता, पुणे","१,२५,०००"

हा नियम आरएफसी ४१८० या ऑक्टोबर २००५ च्या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदवलेला आहे. सीएसव्ही त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती; या दस्तऐवजाने रूढ असलेली पद्धत फक्त लिहून काढली. ज्या रकान्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल, तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा आणि आतल्या मजकुरात दुहेरी अवतरणचिन्हच आले तर ते दोनदा लिहावे, असे तो सांगतो. बंगल्याचे नाव अवतरणात असलेला पत्ता मग असा दिसतो :

"बंगला ""आशीर्वाद"", विश्रामबाग, सांगली"

डोळ्यांना हे विचित्र वाटते, पण वाचणाऱ्या प्रोग्रामला त्यात कसलीही संदिग्धता उरत नाही. दोन बारकावे मात्र वारंवार नडतात. विभाजक स्वल्पविरामानंतर सवयीने मोकळी जागा सोडून मग अवतरणचिन्ह सुरू केले, तर ती जागा रकान्याचाच भाग मानली जाते आणि अनेक प्रोग्रामांना पुढचे चिन्ह अवतरणाची सुरुवात म्हणून ओळखता येत नाही. तसेच वर्डसारख्या प्रोग्रामने आपोआप वळणदार केलेली अवतरणचिन्हे या कामी निरुपयोगी असतात. तेथे सरळ चिन्हच हवे.

रकान्याच्या आत नवी ओळ येऊ शकते, याचा अर्थ फाइलीतली एक ओळ म्हणजे एक नोंद हे गृहीतक चुकीचे आहे. म्हणून फाइल आधी ओळींवर आणि मग प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट करणे (तोडणे), ही प्रत्येक नवशिक्याला सुचणारी पद्धत कटाक्षाने टाळावी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यासाठी २००३ पासून, म्हणजे २.३ या आवृत्तीपासून, सीएसव्ही मॉड्यूल सोबतच येते आणि इतर भाषांतही तशा लायब्रऱ्या आहेत. वाचताना तर ती वापरावीच, पण लिहितानाही वापरावी. मी पाहिलेल्या बिघडलेल्या फाइलींपैकी बहुतेक वाचताना बिघडलेल्या नव्हत्या. लिहिणाऱ्याने रकाने स्वल्पविरामाने नुसते जोडून टाकले होते, आणि एकदा तसे झाले की मूळ रचना नक्की काय होती, हे कोणतीही लायब्ररी खात्रीने सांगू शकत नाही.

आता पाइपविषयी. इंग्रजी मजकुरात ते चिन्ह विरळा येते, म्हणून ते सुरक्षित मानण्याची प्रथा आहे. मराठी मजकुराची गोष्ट वेगळी आहे. अभंग, आरत्या, श्लोक यांच्या चरणांनंतर येणारा दंड हे युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात) स्वतंत्र चिन्ह आहे, पण कळफलकावर तो सहज सापडत नाही म्हणून असंख्य लोक त्या जागी पाइपच टंकतात. आपल्या यादीत काव्य नसेल, तरी शेऱ्याच्या रकान्यात लोक काय लिहितील, याचा भरवसा देता येत नाही.

जुनी प्रणाली युनिकोडच्या आधीची असेल, तर याहून गंभीर अडचण संभवते आणि ती आपण सर्वांत आधी तपासावी. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्याच कोडवर बसवलेली असतात : स्वल्पविरामाच्या कोडवर ‘ए’, अर्धविरामाच्या कोडवर ‘य’, पाइपच्या कोडवर ‘द्य’ आणि दुहेरी अवतरणचिन्हाच्या कोडवर अर्धा ‘ष’. म्हणजे एकनाथ हे नाव संगणकाच्या दृष्टीने स्वल्पविरामाने सुरू होते, आणि ‘विद्यालय’ या साध्या शब्दात पाइप व अर्धविराम दोन्ही आहेत. पडद्यावर फॉन्ट लावलेला असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही; निर्यात केलेली फाइल मात्र स्वल्पविराम, अर्धविराम किंवा पाइप यांपैकी काहीही विभाजक घेतला तरी फुटते. अशा वेळी क्रम सांभाळावा लागतो. फाइल लायब्ररीच्या साहाय्याने अवतरणचिन्हांसह लिहून घ्यावी, ती लायब्ररीनेच वाचून रकाने वेगळे करावेत, आणि त्यानंतर एकेका रकान्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. संपूर्ण फाइल एकदम रूपांतरकाला दिली, तर तो रकान्यांमधल्या विभाजक स्वल्पविरामांनाही इमानेइतबारे ‘ए’ करून टाकतो.

मजकूर आधीच युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये (चिन्हे बाइटांत, म्हणजे ० ते २५५ या संख्यांत, साठवण्याच्या पद्धतीत) असेल तर ही भीती नाही. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्या तिन्ही बाइटांची मूल्ये १२८ किंवा त्याहून अधिक असतात, त्यामुळे स्वल्पविराम, टॅब किंवा पाइप यांचा बाइट एखाद्या अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाही. ही सोय गृहीत धरण्यासारखी नाही : जपानच्या शिफ्ट-जेआयएस या जुन्या एन्कोडिंगमध्ये ‘पो’ या काताकाना अक्षराचा दुसरा बाइट आणि पाइपचा बाइट एकच आहे.

मग खास विभाजनासाठीच राखून ठेवलेले चिन्ह का वापरू नये, असे आपल्या मनात येईल. तसे चार कोड आस्की या जुन्या इंग्रजी चिन्हसंचात खरोखर आहेत. २८ ते ३१ या क्रमांकांवर फाइल, गट, नोंद आणि घटक यांचे विभाजक साठच्या दशकापासून बसलेले आहेत आणि कल्पना म्हणून मला ते आजही आवडतात. प्रत्यक्षात त्यांच्यासाठी कळफलकावर कळ नाही, संपादकात ते धड दिसत नाहीत, आणि एक्सएमएल १.० या माहिती-देवाणघेवाणीच्या स्वरूपात ते निषिद्ध असल्यामुळे माहिती पुढे तेथे न्यायची झाली तर अडकते. पायथनमध्ये मजकुराच्या ओळी तोडणारी स्प्लिटलाइन्स ही पद्धत २८, २९ आणि ३० या तिन्ही कोडांना ओळीचा शेवट समजते, ही आणखी एक अनपेक्षित खोच. शिवाय हे कोड मजकुरात आलेच तर काय करायचे, याचा सर्वमान्य नियम नाही. म्हणजे मूळ प्रश्न तसाच राहतो.

टॅब हा त्या मानाने व्यवहार्य पर्याय आहे, कारण पत्ते लिहिताना सहसा कोणी टॅब दाबत नाही आणि स्प्रेडशीटमधून कॉपी केलेला मजकूर टॅबनेच विभागलेला येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कॉपी आदेशाचे मूळ स्वरूपही टॅबचे आहे. मजकुरातला टॅब तेथे बॅकस्लॅश (\) लावून लिहिला जातो आणि माहितीच नसलेला रकाना वेगळ्या खुणेने दाखवला जातो. ही दुसरी गोष्ट पतसंस्थेच्या कामात उपयोगी आहे, कारण ‘वारसदार नोंदवलेला नाही’ आणि ‘वारसदाराच्या जागी रिकामा मजकूर भरला आहे’ हे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि साध्या सीएसव्हीत ते सारखेच दिसतात. आपली नवी प्रणाली पोस्टग्रेसवर असेल, तर त्याच्या सीएसव्ही स्वरूपात अवतरणचिन्हांशिवाय रिकामा सोडलेला रकाना ‘माहिती नाही’ असा आणि अवतरणचिन्हांतला रिकामा रकाना ‘रिकामा मजकूर’ असा वाचला जातो, हे लक्षात ठेवावे.

ज्या क्षेत्रांत चूक परवडत नाही, तेथे या प्रश्नाचा विचार कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. रुग्णालयांच्या प्रणालींमध्ये वापरल्या जाणाऱ्या एचएल७ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक संदेशाच्या आरंभीच त्या संदेशातले विभाजक कोणते, हे जाहीर केलेले असते : रकान्यांसाठी पाइप, उपघटकांसाठी वेगळे चिन्ह, पुनरावृत्तीसाठी टिल्ड (~), आणि यांपैकी एखादे मजकुरात आलेच तर त्यासाठी बॅकस्लॅश. व्यापारी दस्तऐवजांसाठीच्या एडिफॅक्टमध्ये तर दशांशचिन्ह कोणते, हेही सुरुवातीच्या ओळीत सांगता येते. हा फाजील काटेकोरपणा नाही. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून तेथील विंडोजमध्ये यादीचा विभाजक अर्धविराम असतो आणि एक्सेल तीच सेटिंग पाळते. आपल्याकडे नीट उघडणारी स्वल्पविरामाची फाइल तेथे एकाच रकान्यात कोंबलेली दिसते ती त्यामुळे.

विभाजक अजिबात न वापरण्याचाही एक मार्ग आहे : मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहायची आणि तेवढेच बाइट मोजून घ्यायचे. मग आत काहीही असले तरी बिघडत नाही. मात्र लांबी बाइटांत मोजायची की चिन्हांत, हे आधी ठरवावे लागते, कारण ‘पुणे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, युनिकोडमध्ये चार चिन्हांचा असतो आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइटांचा. आपल्या कामासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही, कारण संस्थेतल्या लिपिकाला फाइल उघडून पाहता आली पाहिजे.

तेव्हा आपण विभाजक म्हणून स्वल्पविरामच ठेवावा, माहितीच नसलेले रकाने सोडून बाकी सर्व सरसकट अवतरणचिन्हांत लिहावेत, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवावे, आणि रक्कम स्वल्पविरामांशिवाय, म्हणजे १२५००० अशी लिहावी. लाख-हजारांची फोड दाखवण्यापुरती असते, साठवण्यासाठी नव्हे. लिपिक फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडणार असेल, तर तिच्या आरंभी यूटीएफ-८ ची तीन बाइटांची खूण ठेवावी, अन्यथा देवनागरीऐवजी अगम्य चिन्हे दिसण्याचा संभव असतो. हीच खूण दुसऱ्या प्रोग्रामला पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटलेली दिसू शकते, आणि मग ‘क्रमांक’ नावाचा रकाना सापडत नाही अशी तक्रार येते; पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग सांगितले की ती आपोआप गाळली जाते.

फोन क्रमांकांसाठी मात्र विभाजकच वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एका रकान्यात अर्धविरामाने जोडलेले तीन क्रमांक दिसायला सुटसुटीत असतात, पण त्यांतला एक बदलायचा, एखादा बंद झाल्याची नोंद करायची किंवा एकच क्रमांक दोन सभासदांकडे आहे का हे शोधायचे, तर प्रत्येक वेळी मजकूर तोडावा लागतो, आणि त्यावर इंडेक्सचाही (जलद शोधासाठीच्या सूचीचाही) उपयोग होत नाही. सभासद क्रमांक आणि फोन क्रमांक अशा दोन रकान्यांचा वेगळा तक्ता करावा व त्याची वेगळी सीएसव्ही फाइल द्यावी. अहवालात ते एकत्र दाखवायचे असतील, तर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ग्रुप-कॉनकॅट हे फंक्शन हे काम दाखवण्याच्या वेळी करते. त्याच्या निकालाची लांबी मूळ सेटिंगमध्ये १०२४ बाइटांपर्यंत मर्यादित असते आणि त्यापुढचा मजकूर चूक न दाखवता, केवळ इशारा नोंदवून कापला जातो, म्हणून एकेका शाखेतल्या सर्व सभासदांचे क्रमांक एकत्र काढणार असाल तर ती मर्यादा आधी वाढवून घ्यावी.