डोंगराच्या पोटातली अणुभट्टी

प्रश्न : स्वित्झर्लंडमध्ये डोंगर पोखरून अणुवीज केंद्र केलं होतं आणि तिथे अपघात झाला, असं मुलगा सांगत होता. खरं का? मग त्या गुहेचं पुढे काय केलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, अगदी खरं. लोझान आणि बर्न यांच्या मधे ल्यूसेन्स म्हणून छोटं गाव आहे, तिथलं हे प्रायोगिक केंद्र. स्विस लोकांना स्वतःच्या डिझाइनचा रिअॅक्टर हवा होता, म्हणून १९६२ला डोंगरात खोदकाम सुरू केलं. न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी) वापरलेलं, कूलिंगला कार्बन डायऑक्साइड गॅस, आणि वीज किती तर जेमतेम ६ मेगावॅट. १९६६च्या डिसेंबरात भट्टी पहिल्यांदा पेटली, १९६८ला वीज मिळू लागली.

मग काही महिने बंद ठेवून २१ जानेवारी १९६९ला परत चालू केली आणि त्याच दिवशी घात झाला. बंद असताना पाणी आत झिरपलं होतं, त्याने इंधनाच्या कांड्यांवरचं मॅग्नेशियमचं आवरण गंजलं, तो गंज कूलिंगच्या वाटेत अडकला, मग गॅस पुरेसा पोचेना, कांडी तापत तापत वितळली आणि ती ज्या दाबाच्या नळीत होती ती प्रेशर ट्यूब फुटली. जड पाणी आणि किरणोत्सारी गॅस सगळा गुहेत. पण गुहा होती म्हणूनच तो बहुतेक आतच राहिला, कुणाला गंभीर इजा झाली नाही. हीच भट्टी उघड्यावर असती तर, हा विचार करूनच अंगावर काटा येतो. (त्याच वर्षी आपल्याकडे तारापूर सुरू झालं, म्हणून मला ही तारीख कायम लक्षात राहते.)

भट्टी परत काही चालू केली नाही. चालली एवढीशी पण आवरायला किती वर्षं गेली बघा, १९७३ पर्यंत भट्टीचे तुकडे करून कचरा सुमारे अडीचशे ड्रममध्ये भरला, १९९२च्या सुमारास गुहेत काँक्रीट ओतलं, आणि उरलेले कंटेनर तिथून हलले ते थेट २००३ला, वुरेनलिंगेन या गावातल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या साठवणीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण भट्टी कधी सुरू झाली हे लक्षात ठेवतो, बंद केल्यावर कोण किती वर्षं झटलं हे कुणी विचारतच नाही, तुम्ही विचारलंत याचा खरंच आनंद झाला.

आता तिथे वो कँटनच्या (म्हणजे तिथल्या प्रांताच्या) म्युझियमच्या वस्तू सांभाळून ठेवतात. डोंगरातून झिरपणारं पाणी मात्र अजूनही तपासतात.