लॅबमधली सोय ट्रॅक्टरला का नाही?

प्रश्न : आमच्या लॅबमधल्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) १२ ते १८ असा चालू इंजिनावर बदलता येतो. ही सोय ट्रक-ट्रॅक्टरला का देत नाहीत?
— मेकॅनिकलची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : रणगाड्याला देऊन झाली आहे. ब्रिटनमधल्या बायसेरी या इंजिन-संशोधन संस्थेचा पिस्टन दोन भागांचा होता. आतला भाग कनेक्टिंग रॉडला जोडलेला, बाहेरची टोपी त्यावर वरखाली सरकणारी, मधे इंजिनचंच ऑइल. दाब मर्यादेपुढे गेला की झडपेतून ऑइल निसटायचं, टोपी खाली बसायची आणि रेशो आपोआप उतरायचा. अमेरिकेत याच तत्त्वावर बारा सिलिंडरचं एव्हीसीआर-१३६० हे डिझेल इंजिन झालं. जनरल मोटर्सच्या एक्सएम-१ रणगाड्याच्या नमुन्यात ते होतं. १९७६ मध्ये सैन्याने निवडला मात्र क्रायसलरचा गॅस टर्बाइनवाला नमुना.

हा खटाटोप कशासाठी, ते समजून घे. डिझेल पेटतं ते दाबून तापलेल्या हवेत. २७ अंशांची हवा बाराव्या हिश्शात कोंबली तर कागदी हिशेबाने सुमारे ४४० अंशांवर जाते, अठराव्या हिश्शात कोंबली तर ५५० च्या घरात. थंड सिलिंडर त्यातली बरीच उष्णता खातो, म्हणून स्टार्टिंगला रेशो मोठा हवा. पुढे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप) जोरात हवा भरू लागला, की तोच रेशो हेड गॅसकेट आणि बेअरिंगच्या मुळावर येतो.

वाहन कारखान्यांनी ही गरजच कमी केली. सिलिंडर आधी तापवणारे ग्लो प्लग आले, कॉमन रेलमुळे (सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी सामाईक नळी) एकाच स्ट्रोकमध्ये डिझेल तुकड्यातुकड्याने फवारता येऊ लागलं. माझदाने २०१२ मध्ये १४ रेशोचं डिझेल इंजिन गाडीत बसवलं. थंडीत ते एक्झॉस्टचा गरम वायू परत आत ओढून घेतं. पिस्टनमध्ये जास्तीचा हलता भाग नाही. चिखलात राबणाऱ्या, गावच्या मेकॅनिककडे उघडल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरला हाच मार्ग योग्य, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून तुमच्या इंजिनाचं मोल कमी होत नाही. पंपावरच्या डिझेलचा सीटेन नंबर (डिझेल किती चटकन पेटतं याचं माप) किमान ५१ लागतो. तो मोजायचं प्रमाणित चाचणी-इंजिन, सीएफआर नावाचं, बदलत्या रेशोचंच असतं, ८ पासून ३६ पर्यंत! ९०० आरपीएमवर हँडव्हील फिरवून फवारा आणि पेट यांत क्रँकचे बरोबर १३ अंश आणायचे, आणि माहीत असलेल्या इंधनांशी ताडून पाहायचं.

तुमचं इंजिन बहुधा सांगलीत बनलेलं, कलत्या ब्लॉकचं, म्हणजे सिलिंडरचा ब्लॉक कलवून रेशो बदलणारं असेल. रेशो बदलताना लोड आणि इंजेक्शनचं टायमिंग हलवू नकोस, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. मी मुलांना स्क्रीनआधी कान लावायला सांगत असे. रेशो १२ कडे नेलास की पेट लांबतो, साचलेलं डिझेल एकदम भडकतं आणि ठोका कर्कश होतो. आधी साध्या डिझेलवर तो ओळख, मग करंजाच्या बायोडिझेलवर १८, १६, १४ अशी उतरत जा. ब्लॉकचे ॲलन बोल्ट प्रत्येक वेळी पुन्हा घट्ट करायचे, त्यात हयगय नको.