बारावीच्या गणिताचा सराव कसा करावा? धड्यातली गणितं सुटतात, पण चाचणीत अडतात

प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लिहिलंय ते थोडक्यात असं: परभणी जिल्ह्यात गावाकडे राहून बारावी सायन्स करतो. दहावी मराठी माध्यमातून झाली. लातूरला किंवा संभाजीनगरला ठेवून क्लास लावणं घरच्यांना जमत नाही. रोज दोन तास गणित करतो, पुस्तकातले सरावसंच सुटतात, तरी चाचणीत ८० पैकी ३४ पडले. सोयाबीन निघालं, आता कापसाची वेचणी सुरू होईल. सराव कसा करू, आणि व्हेक्टर व लाइन अँड प्लेन हे दोन धडे सोडले तर चालेल का?

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, तेही मराठवाड्यातच. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं तुझ्यासारखीच गावाकडून एसटीने येतात. म्हणून तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस.

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘सरावसंच सुटतात’. सुटतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण सरावसंच सोडवताना अर्धं उत्तर तुला आधीच मिळालेलं असतं. पानाच्या वर लिहिलेलं असतं की ही पार्शल फ्रॅक्शनची, म्हणजे एक अपूर्णांक सोप्या तुकड्यांत फोडायची गणितं आहेत. मग पहिली ओळ काय लिहायची हे शोधावं लागत नाही, हात आपोआप चालतो. पेपरात वर काहीच लिहिलेलं नसतं. तिथे आधी गणित ओळखावं लागतं, मग सोडवायचं. तू रोज दोन तास सोडवण्याचा सराव केलास, ओळखण्याचा एकदाही केला नाहीस. तुझे मार्क बहुतेक तिथेच गेलेत.

इंटिग्रेशनचं उदाहरण देते. वहीत चार गणितं एकाखाली एक लिही. पहिल्यात अंश १ आणि छेद ‘एक्स वर्ग अधिक ४ एक्स अधिक १३’. दुसऱ्यात छेद तोच, पण अंश ‘२ एक्स अधिक ४’. तिसऱ्यात अंश पुन्हा १, छेदात शेवटी १३ च्या जागी ३. चौथ्यात पहिलंच गणित, फक्त छेदावर वर्गमूळ. दिसायला चारही भावंडं. पण पहिल्याच्या छेदाचे अवयव पडत नाहीत, म्हणून पूर्ण वर्ग करायचा: ‘एक्स अधिक २’ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग. उत्तर टॅन इन्व्हर्समध्ये येतं, बाहेर एक तृतीयांश. दुसऱ्यात अंश हा छेदाचाच डेरिव्हेटिव्ह आहे, उत्तर सरळ छेदाचा लॉग, एका ओळीत संपतं. तिसऱ्याचे अवयव पडतात, ‘एक्स अधिक १’ आणि ‘एक्स अधिक ३’, म्हणून तिथे पार्शल फ्रॅक्शन. चौथ्यात पूर्ण वर्ग करावाच लागतो, पण सूत्र वेगळं, उत्तर लॉगमध्ये. दुसरं गणित पूर्ण वर्गाने सोडवायला बसलेली पोरं मी दरवर्षी पाहते. दहा मिनिटं घालवतात आणि शेवटी खोडतात. त्यांना सूत्रं पाठ असतात. अंशाकडे आधी बघायचं, ही सवय नसते.

डेरिव्हेटिव्हमध्येही असंच. ‘साइन एक्सचा पाचवा घात’, ‘५ चा साइन एक्स घात’ आणि ‘एक्सचा साइन एक्स घात’, या तिन्हींची रीत वेगवेगळी आहे. दोन्ही बाजूंचा लॉग फक्त तिसऱ्यातच घ्यावा लागतो. ही तीन शेजारी शेजारी ठेवून कुणी सोडवतच नाही, कारण पुस्तकात ती वेगवेगळ्या पानांवर असतात.

मी स्वतः बारावीत होते तेव्हा सहामाहीला माझंही असंच झालं होतं. तेव्हा उपाय सापडला तो आईमुळे. ती संध्याकाळी शेंगा फोडत बसायची. मी पुस्तक तिच्यासमोर धरायचे, ती कुठलंही पान उघडून एका गणितावर बोट ठेवायची आणि म्हणायची, ‘ह्ये कर.’ तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, धडा कुठला ते कळत नव्हतं, आणि म्हणूनच ते बोट उपयोगाचं होतं. मी स्वतः निवडले असते तर मला येणारेच धडे निवडले असते. पहिले काही दिवस दहातली सहा-सात गणितं ओळखूच यायची नाहीत. महिनाभराने दोन-तीनच अडायला लागली.

माझ्या विद्यार्थ्यांना आता मी चिठ्ठ्या करायला सांगते. बारावीच्या दोन्ही भागांत मिळून १५ धडे आहेत, पहिल्या भागात ७, दुसऱ्यात ८. प्रत्येक धड्यातली वेगवेगळ्या प्रकारची दहा गणितं निवड आणि एकेका चिठ्ठीवर एकेक लिही. धड्याचं नाव लिहू नकोस. मागच्या बाजूला फक्त सरावसंचाचा आणि गणिताचा क्रमांक, म्हणजे उत्तर शोधता येईल. १५० चिठ्ठ्या होतील, जुन्या वह्यांचे कोरे कागद पुरतात. बिस्किटाच्या डब्यात टाकून हलवायच्या. रोज डोळे मिटून दहा काढायच्या आणि प्रत्येकीसाठी दोनच गोष्टी लिहायच्या: धडा कोणता आणि पहिली ओळ काय. याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नकोस. मग त्यातली जी तीन सर्वांत अवघड वाटली ती पूर्ण सोडवायची, पुस्तक मिटून. ओळखता न आलेल्या चिठ्ठीवर लाल ठिपका देऊन ती परत डब्यात. दोन वेगवेगळ्या दिवशी अडखळल्याशिवाय सुटलेली चिठ्ठी बाजूला काढून ठेव, जानेवारीत पुन्हा आत टाक.

वेचणीच्या दिवसांत दोन तास बसणं होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा पाच चिठ्ठ्या खिशात टाकून वावरात ने. जेवायच्या सुट्टीत पेनाशिवाय, मनातल्या मनात फक्त ओळखायच्या. संध्याकाळी लाइट असली तर त्यातली दोन सोडव, नसली तर सकाळी.

आता चुकांबद्दल. तो ३४ चा पेपर अजून जवळ असेल तर काढ आणि गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर एक अक्षर लिही. गणित ओळखलंच नाही तर ‘ओ’. ओळखलं पण मध्येच अडलं तर ‘अ’. सगळं येत होतं पण चिन्ह किंवा आकडेमोड चुकली तर ‘चि’. तिन्हींवर औषध वेगळं आहे. ‘ओ’ साठी डबा. ‘अ’ साठी तो धडा पुन्हा उघडून सोडवलेली उदाहरणं वाचायची, पण वाचून झाल्यावर पान झाकून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर उतरवायचं. पान उघडं ठेवून केलेलं उदाहरण हे नक्कल करणं आहे, माझ्या दृष्टीने ते सरावात धरायचंच नाही. ‘चि’ साठी जास्त गणितं करून काही होत नाही, तिथे पडताळा घ्यायची सवय लागते.

पडताळ्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण गावात तुझी वही तपासायला कुणी नाही. गणित हा असा विषय आहे की बऱ्याच ठिकाणी तो स्वतःच स्वतःला तपासू देतो. इंटिग्रेशनचं उत्तर आलं की त्याचं डेरिव्हेटिव्ह काढ, मूळ गणित परत आलं पाहिजे. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढलास की मूळ मॅट्रिक्सशी गुणाकार कर, आयडेंटिटी आली पाहिजे. तीन समीकरणं सोडवलीस तर किमती तिन्हींत घालून बघ, एकाच समीकरणात घालून थांबू नकोस. प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशनमध्ये सगळ्या संभाव्यतांची बेरीज १ येते का बघ. प्लेनचं समीकरण काढलंस तर दिलेला बिंदू त्यात घाल. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये प्रत्येक कोपऱ्याचा बिंदू सगळ्या अटींत बसतो का ते पाहा. यातल्या बहुतेक तपासण्या एका मिनिटात होतात. मी विद्यार्थ्यांना तपासल्याशिवाय उत्तराला चौकट करू देत नाही.

तुझी दहावी मराठीतून झाली, त्याचाही एक वेगळा त्रास असतो आणि तो बहुतेक पोरं लाजून सांगत नाहीत. गणित येतं, पण प्रश्नाचं इंग्रजी वाक्य उलटं वाचलं जातं. संभाव्यतेच्या बायनॉमियल धड्यात हमखास. ‘ॲट लीस्ट २’ म्हणजे २ किंवा जास्त. ‘ॲट मोस्ट २’ म्हणजे ०, १ किंवा २. ‘मोअर दॅन २’ मध्ये २ धरायचा नाही, ‘नॉट मोअर दॅन २’ मध्ये धरायचा. ‘ॲट लीस्ट वन’ दिसलं की एकेक संभाव्यता काढत बसू नकोस, १ मधून शून्याची वजा कर. अशा शब्दांचं एक पान वहीच्या शेवटी मराठीत अर्थासकट लिहून ठेव. पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे ते जात नाही, आठवड्यात पाठ होतं.

पूर्ण पेपर सोडवायला डिसेंबरपासून सुरुवात कर, आठवड्याला एक, सुट्टीच्या दिवशी, सलग तीन तास. लेखी ८० मार्कांची, उरलेले २० प्रात्यक्षिकाचे. आठ बहुपर्यायी प्रश्न दोन-दोन मार्कांचे, चार प्रश्न एकेक मार्काचे, इथे काही सोडता येत नाही. पुढे दोन मार्कांचे १२ पैकी ८, तीन मार्कांचे १२ पैकी ८ आणि चार मार्कांचे ८ पैकी ५. तीन तासांत ८० म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं. चार मार्कांच्या गणिताला नऊ मिनिटं मिळतात. दहाव्या मिनिटालाही ते चालूच असेल तर जागा सोडून पुढे जा. कोणती तीन सोडायची हे ठरवणं हाही ओळखण्याचाच भाग आहे, म्हणून विभाग सुरू करण्याआधी त्यातले सगळे प्रश्न एकदा वाच.

काही बारीकसारीक गोष्टी घरच्या पेपरातही पाळ, म्हणजे त्या अंगवळणी पडतात. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं, आणि पहिल्यांदा लिहिलेलंच उत्तर तपासलं जातं. प्रत्येक विभाग नव्या पानावर. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. लिनिअर प्रोग्रॅमिंगला आलेखाचा कागद लागत नाही, कच्ची आकृती पुरते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव.

जुने पेपर निवडताना एक काळजी घे. सध्याची पुस्तकं २०२० साली आली. २०२१ ची बोर्डाची परीक्षा कोविडमुळे झालीच नाही आणि २०२२ ला अभ्यासक्रम कमी केलेला होता. म्हणून २०२३ पासूनचे पेपर आधी घे. दरवर्षी मुख्य परीक्षेचा एक आणि पुरवणीचा एक मिळतो, तेवढे तुला पुरतील. त्याच्याही आधीच्या पेपरांतली गणितं सुटी सुटी चिठ्ठ्यांत टाकायला चांगली. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस.

क्लासबद्दल तुझ्या मनात खंत दिसते. लातूर पॅटर्न म्हणून जे नाव झालं, त्यात शिकवण्याइतकंच महत्त्व सततच्या चाचण्यांना होतं. खोलीभाडं आणि मेसचे पैसे भरून पोरं तिथे जे घेतात, त्यातला चाचण्यांचा भाग तू घरी उभा करू शकतोस. अडलेलं विचारायला माणूस मात्र लागतो. त्यासाठी आठवडाभराची ‘अ’ वाली गणितं एका कागदावर लिहून कॉलेजात सरांना गाठ. ‘सर, इंटिग्रेशन समजत नाही’ म्हणालास तर त्यांनाही कुठून सुरू करावं कळणार नाही. ‘सर, या ओळीपर्यंत आलो, पुढची कशी आली?’ असं विचारलंस तर दोन मिनिटांत सांगतील.

सीईटी द्यायची असेल तर गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. तिथे एका गणिताला दोन मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून ओळखण्याचा हाच सराव तिथे आणखी कामाला येईल. अकरावीचाही भाग थोडा असतो, साधारण २० टक्के. तो बोर्डाची परीक्षा झाल्यावर घे.

राहिला व्हेक्टर आणि लाइन अँड प्लेन सोडण्याचा प्रश्न. सोडू नकोस. पर्याय आहेत म्हणून दोन धडे गाळले की वर्णनात्मक भागातली बरीचशी निवड तिथेच संपते, आणि बहुपर्यायीत तर पर्यायच नसतो. शिवाय हे दोन धडे पोरांना वाटतात तितके अवघड नाहीत. आकृती डोळ्यांसमोर येत नाही म्हणून भीती वाटते. घरातली खोली घे. एका कोपऱ्यात जिथे दोन भिंती आणि जमीन भेटतात तो आरंभबिंदू धर, तीन कडा म्हणजे तीन अक्ष. भिंत म्हणजे प्लेन. जमिनीच्या कडेने एक काठी ठेव, समोरच्या भिंतीला दुसरी तिरकी टेकव. दोन्ही कितीही लांबवल्या तरी भेटत नाहीत आणि समांतरही नाहीत, त्याच स्क्यू लाइन्स. त्यांच्यातलं सर्वांत कमी अंतर कुठे असेल ते हाताने दाखवून बघ, मग सूत्र उघड. एवढं झालं की व्हेक्टरची दहा आणि लाइन अँड प्लेनची दहा गणितं निवड, आणि चिठ्ठ्या करायला या दोन धड्यांपासूनच सुरुवात कर.